चालत्या शाफाखाली

"रुईवरून उचला तिले. माल खराब हून राह्यला."

दिवाणजीचं हे पहिलं वाक्य. माझी थोरली जाऊ पार्बता कापसाच्या जिनातल्या रुईच्या ढिगावर पडली होती. तिचा उजवा हात खांद्यापासून नुसता कातडीला लोंबत होता. मी आणि इंजनावरच्या मिस्त्रीनं तिला खालच्या बोगद्यातून ओढून वर आणलं होतं. जवळ मऊ जागा तेवढीच, म्हणून तिथं ठेवलं. पांढऱ्या रुईत लाल पसरत चाललं होतं. दिवाणजी धावत आला. तिच्याकडं नाही, ढिगाकडं.

आम्ही तिला उचललं. फरशीवर ठेवलं. डोकं टेकलं तेव्हा टक्कन आवाज झाला.

मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. "तू तिची जाऊ ना? लाल झालेली रुई वेचून बाजूले काढ. गठाण नासली तं शेठ मले खाईल."

मी तिच्या डोक्याशी बसले होते. उठले नाही. त्यानं माझ्या पाठीत जोड्याचं टोक मारलं. फार जोरात नाही. बैलाला हाकायच्या काठीची, तुतारीची, आर टोचतात तेवढंच.

मी वेचायला लागले. एक हात पार्बताच्या कपाळावर, दुसरा रुईत. ओली रुई बोटांना चिकटते, झटकली तरी सुटत नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत आम्ही त्या जिनात राबत होतो, कापसाला आमचे हात चालत होते. आमचं रक्त लागलं की माल खराब.

पार्बतानं पाणी मागितलं. पाणक्या आला. आमच्या हातात तो कधी लोटा देत नसे. वरून धार सोडायचा, आम्ही ओंजळ धरायची. त्या दिवशीही तो वाकला नाही.

"ओंजळ कर," पार्बताला म्हणाला.

ओंजळीला दोन हात लागतात.

मी माझी ओंजळ धरली. त्या लाल हातांतलं पाणी तिच्या तोंडात सोडलं. अर्धं गेलं, अर्धं गालावरून ओघळलं.

कसं झालं ते सांगते.

रोहण्याहून आर्वीकडं जाणाऱ्या वाटेवर ते जिन होतं. वर यंत्रांची लांब रांग. बाया त्यात कापूस टाकायच्या. रुई समोर पडायची, सरकी खालच्या बोगद्यात. त्याच बोगद्यातून एक लांब लोखंडी दांडा इंजनाच्या जोरावर गरगर फिरायचा. त्याच्यावरून वरच्या यंत्रांना पट्टे गेलेले. त्या दांड्याला आम्ही शाफ म्हणत होतो. बोगदा इतका ठेंगणा की उभं राहता येत नाही. ओणवं होऊन टोपल्यानं सरकी ओढायची. शाफ कानाशी. धूळ अशी की पुढची बाई दिसत नाही, तिचा खोकला तेवढा ऐकू येतो.

खाली कोण उतरायचं? आमच्या वस्तीतल्या बाया, आणि डोंगराकडून हंगामापुरत्या आलेल्या गोंड बाया. वर यंत्रावर बाकीच्या जातीच्या. हे कुणी ठरवलं ते माहीत नाही. पण कधी चुकलं नाही.

शाफाला आधी जाळी होती. जाड तारेची, दोन्ही बाजूंनी. पण सरकी त्या जाळीला अडायची, ओढायला वेळ लागायचा. हंगाम भरात आला, फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहिल्या, तशी दिवाणजीनं जाळी काढायला लावली. मिस्त्री म्हणाला, "दिवाणजी, उघड्या शाफाखाली बाया नका घालू. नाई तं सरकी काढेपर्यंत इंजन बंद ठेवू."

दिवाणजी म्हणाला, "तुले इंजनावर ठेवलं का बायांवर?"

मिस्त्री गप्प झाला. पार्बता झाली नाही.

ती माझ्याहून मोठी. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला धीट. त्याच दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. येताना पार्बता वाटभर हसत होती. घरी आल्या आल्या तिनं कोनाड्यातले देव फडक्यात बांधले आणि नाल्यात सोडून आली. तेव्हापासून तिची मान वेगळीच झाली होती. ती दिवाणजीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"जाळी बसवून द्या जी. शाफ लुगडं ओढून राह्यला."

दिवाणजी हसला. सगळ्या जिनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बुद्ध झाल्या म्हणून शाफ भेईल का तुमाले? लुगडं आवरून काम करा. नाई तं काढून ठेवा."

वरच्या काही बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बायाच त्या. पार्बताची मान खाली गेली नाही. पण ती उतरली. घरी अंगावर पिणारी पोर होती, आणि जिनाशिवाय त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं.

त्याच आठवड्यात झालं. कमरेला खोचलेला पदर कधी सुटला ते तिलाही कळलं नसेल. मी मागे टोपलं भरत होते. किंकाळी मला ऐकू आली नाही. शाफाचा आवाज बदलला, तो ऐकू आला. घोंगावणं एकदम बसकं झालं आणि काहीतरी भिंतीवर आपटायला लागलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. मला वाटलं पट्टा तुटला. तो पट्टा नव्हता.

मी ओरडले. मिस्त्रीनं कुणाला न विचारता इंजन बंद केलं. म्हणून ती एकसंध वर तरी आली.

ती फरशीवर पडलेली, मी रुई वेचते आहे, आणि दिवाणजी मिस्त्रीवर धावून गेला. "कोणाच्या हुकमानं बंद केलं? चालू कर. बंड्या उभ्या आहेत बाहेर."

इंजन चालू झालं. फरशी थरथरायला लागली. पार्बतानं डोळे उघडले.

"अजून फिरूनच राह्यला वं तो?"

"नाई बाई," मी म्हटलं. "बंद हाय."

शेठची मोटार लिंबाखाली उभी होती. मिस्त्रीनं हात जोडून मागितली. ड्रायव्हरनं दिवाणजीकडं पाहिलं. दिवाणजी म्हणाला, "गादी खराब होईल." मग सरकीची रिकामी बंडी आली. माझे भासरे, म्हणजे पार्बताचा नवरा, पलीकडं रुईच्या गठाणी चढवायला होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पळत जाऊन सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भासऱ्यांशी तोंडावर पदर न घेता बोलले.

त्यांनी बंडी हाकली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की तिच्या घशातून आवाज यायचा. आर्वीची घरं दिसायला लागली आणि खड्डा आला तरी आवाज येईना.

भासऱ्यांनी मागं वळून पाहिलं. कासरा ओढला. "आता कायची घाई," म्हणाले.

माती झाली. पोर माझ्या पदरात आली. ती माझी छाती हुडकायची. माझ्याकडं दूध नव्हतं. मला तेव्हा मूल झालेलंच नव्हतं. शेजारणी येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "तिचं भरलं होतं, बाई." मी ऐकून घ्यायचे.

मग दिवाणजीनं मला बोलावणं धाडलं. खुर्चीवर बसला होता. आवाज मऊ. मला त्या मऊ आवाजाचीच भीती वाटली.

"सरकारचा साहेब येऊन राह्यला चौकशीले. तुले इचारीन. सांगजो का पार्बतानं मोहाची घेतली होती. झोक गेला अन् पडली. समजली? तुले वरच्या यंत्रावर घेतो मंग."

वरच्या यंत्रावर. तिथं आमच्यातली बाई कधी उभी राहिली नव्हती. पार्बता मेली तेव्हा जागा झाली. तीही तिच्या मेलेल्या तोंडाला दारू लावून.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं चिलीम पेटवली. मग म्हणाला, "सांगून टाक. मेलेल्याले काय लागते?"

तिथंच माझ्या आत काहीतरी मोडलं. जोड्याचं टोक लागलं तेव्हा मोडलं नव्हतं. मेलेल्याला काय लागतं! जिवंत होती तेव्हा तिला जाळी लागत होती. पाणी लागत होतं. मोटार लागत होती. तेव्हा कुणी दिलं? आता तिच्याजवळ नाव तेवढं उरलं होतं. तेही मीच विकायचं?

साहेब आला. आदल्या दिवशी शाफाला जाळी बसली होती. साहेबानं नाकाला रुमाल लावला. बोगद्याच्या तोंडाशी वाकून पाहिलं. आत उतरला नाही. पांढरी पँट होती. मग खुर्चीवर बसला आणि मला पुढं बोलावलं. दिवाणजी त्याच्या खांद्याशी उभा.

"त्या बाईनं दारू घेतली होती का?"

मी म्हटलं, "नाई साहेब. पाणी मागतलं होतं तिनं. दारू नाई. अन् हे जाळी काल बसवली. ते गेली तवा नव्हती. तिनं मागतली होती, देल्ली नाई."

साहेबानं दिवाणजीकडं पाहिलं. दिवाणजी हळू म्हणाला, "जवळची होती ना. दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं."

"साहजिक आहे," साहेब म्हणाला. आणि उठला. शेठच्या बंगल्यावर जेवणाची पानं मांडली होती.

दुसऱ्या सकाळी जाळी पुन्हा बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली. दिवाणजी बोगद्याच्या तोंडाशी माझीच वाट पाहत होता. शाफ फिरत होता.

"उतर."

"शाफ बंद करा. मंग उतरतो."

"नाई केला तं?"

"नाई उतरत."

त्यानं माझ्या जातीचं जुनं नाव घेतलं. मग माझ्या आईचं. मग पार्बताचं. मी ऐकलं. आणि बोगद्याच्या तोंडात खाली बसले. पाय पसरून, आडवी. दुसऱ्या कुणाला आत जाता येऊ नये अशी.

मागं बाया टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांतलीच एक, आमच्याच वस्तीतली, ओरडली, "ऊठ वं! आमच्या पोटावर काऊन बसली?"

दिवाणजीच्या शिव्यांनी नाही, तिच्या त्या ओरडण्यानं मला रडू आलं. पण मी उठले नाही. म्हटलं, "आज मी उठली तं उद्या तुले खालून वर आणू आमी. तुलेबी हा रुईवर ठेवू देणार नाई."

मग रायबाई नावाची एक गोंड बाई पुढं आली. तिला आमची भाषा तोडकी यायची. तिनं टोपलं पालथं घातलं, त्यावर बसली, माझ्या खांद्याला खांदा लावून. "बसू," एवढंच म्हणाली. मग आणखी एक बसली. ओरडली होती ती सगळ्यात शेवटी बसली, माझ्याकडं न पाहता.

सरकी खाली साचत गेली. भरत भरत यंत्रांच्या बुडापर्यंत आली. वरची यंत्रं अडायला लागली. कापूस टाकणारे हात थांबले. शेवटी मिस्त्रीनं इंजन बंद केलं. चालत्या हंगामात ते जिन तसं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. इकडून तिकडून नुसते खोकले ऐकू येत होते. वरच्या बायांचेही. धूळ त्यांच्याही छातीत होतीच.

दिवाणजीनं दोन गडी बोलावले. त्यांनी मला केसांना धरून ओढलं. बोगद्यापासून फाटकापर्यंत, मधल्या अंगणातून, कापसाच्या बंड्यांमधून. लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. बंडीवाले वरून पाहत होते. एकजण म्हणाला, "काय केलं बाईनं?" मला फाटकाबाहेर मातीत टाकलं आणि फाटक लावून घेतलं.

पण मी गेले तरी बाया बसूनच राहिल्या. बंड्यांची रांग वाढत गेली, बंडीवाले शिव्या द्यायला लागले. दुपारी जाळी बसली. रायबाईनं मला येऊन सांगितलं. त्या हंगामात जाळी पुन्हा निघाली नाही.

मला त्या जिनात पुन्हा घेतलं नाही. आसपासच्या कुठल्याच जिनात घेतलं नाही. नवऱ्याला काढलं, भासऱ्यांना काढलं. नवऱ्यानं मला मारलं. "जाळी पाहिजे होती ना तुले? चाट आता ते जाळी." आम्ही ते गाव सोडून नाचणगावकडं आलो. आता दुसऱ्याच्या वावरात निंदायला-खुरपायला जातो.

"तिचं भरलं होतं" असं आता माझ्या दारात कुणाला म्हणू देत नाही. म्हणणाऱ्याला उठवते. तिचं काही भरलं नव्हतं. एका माणसाला घाई होती. त्या घाईनं तिला मारलं. हे मरण तारेच्या जाळीनं टळलं असतं. जे मरण टळतं त्याला नशीब म्हणायचं नाही. खून म्हणायचं.

पार्बताची पोर आता धावते, मला माय म्हणते. कळती झाली की तिला सगळं सांगणार आहे. त्यातलं काही गाळणार नाही, गोड करणार नाही. तिनं रागावलं पाहिजे.

हंगाम तोंडावर आला आहे. इकडच्या एका जिनात खालच्या कामाला नव्या बाया घेताहेत असं कानावर आलंय. मला तिथं काम नको. उद्या सकाळी मी त्या फाटकावर जाणार आहे. आत शिरणाऱ्या प्रत्येक बाईला अडवून विचारणार आहे, खाली काय फिरतं ते तू पाहिलंस का. पाहिलं नसेल तर तिला आत जाऊ देणार नाही. मला ओढून काढतील. मी परत येऊन बसेन.