अप्पांच्या हाताचं घड्याळ

मिरजगावहून श्रीरामपूर म्हणजे काही परदेश नव्हे. पण आईनं दशम्या बांधल्या, सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वेटर घेतले, आणि मी मनगटावरच्या घड्याळावर रुमाल गुंडाळून एसटीत असा बसलो, की शेजारच्या माणसानं हात मोडलाय का म्हणून विचारलं.

घड्याळ अप्पांचं, माझ्या वडिलांचं. ते गेल्या वर्षी गेले. पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानाला एकदा दिवाळी चांगली गेली, तेव्हा त्यांनी ते श्रीरामपूरच्या एका घराण्याकडून करून घेतलं होतं. तिथं घड्याळ तयार मिळत नाही. सदऱ्याचं माप द्यावं तसं स्वतः जाऊन बसावं लागतं आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. चांदीची पेटी, हातानं रंगवलेली तबकडी. अप्पांच्या हातावर ते रेडिओच्या ठोक्याला ठोका द्यायचं. माझ्या हातावर आल्यापासून रोज मागं पडतं. आई बोलत नाही, पण जेवताना आधी माझ्या मनगटाकडे बघते आणि मग भिंतीकडे. निघताना एवढंच म्हणाली, "त्यांच्यासारखं चालंल असं करून आन."

नगरला गाडी बदलली. राहुरीच्या स्टँडवर कंडक्टरनं चहापुरती गाडी थांबवली. मी मोठ्या रुबाबात रुमाल सोडून घड्याळ पाहिलं, वेळ आहे असं ठरवलं आणि दुसरा चहा मागवला. कप तोंडाला लागतो तोच समोरून आमचीच गाडी हलली. खिडकीतून सुमनचा हात बाहेर. मी धावलो, चहा शर्टावर. कंडक्टरनं दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "काका, घड्याळ हातात असूनसुदिक?"

त्यापुढं सुमन बाहेरच बघत बसली. पाहण्यासारखं होतंही. सकाळी आमच्याकडची ज्वारीची उघडी रानं होती. आता कालवा आला, दोन्ही अंगाला ऊस, आणि गाडीपुढं ट्रॉल्या ओढत रेंगाळणारे ट्रॅक्टर. रस्ताभर पाचट (उसाची वाळलेली पानं) उडत होतं. एका फाट्यावर मी पेरू घेऊन दिले, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

चर्चच्या मागच्या गल्लीत ते घर आहे. पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर काचेच्या वाट्यांखाली झाकून ठेवलेली सुटी चाकं. चाकं बाहेरून कच्ची येतात. घासणं, चकाकी आणणं, जुळवणं, पेटी, तबकडी सगळं घरात. वर्षाकाठी घड्याळं होतात मोजकीच. आता काम करते रूथ, वय पस्तिशीचं, डोळ्याला भिंग. तिचे वडील योहानकाका हात थरथरतात म्हणून नुसते शेजारी बसतात आणि लेकीच्या चुका काढतात. ती म्हणे लहानपणी गणितापेक्षा यांनाच जास्त घाबरायची.

तिनं मागचं झाकण उघडलं. काकांनी भिंग मागून घेतलं, वाकले, आणि जुना मित्र भेटावा तसे हसले. हे त्यांच्याच हातचं. बाप-लेक आळीपाळीनं आत बघत राहिले. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघावी तसे आम्ही दोघं पेरूची पिशवी धरून उभे.

"कुठल्या हाताला बांधता?" काकांनी विचारलं.

"डाव्या."

"अन् झोपताना कसं ठेवता?"

"टेबलावर. उताणं."

"मग बरोबर हाय. घड्याळाला काय झालं न्हाई, दादा. हे तुमच्यासाठी लावलेलंच न्हाई."

मग रूथनं समजावलं. घड्याळ उभं, आडवं, कसं धरलंय त्यावर त्याची चाल किंचित बदलते. म्हणून या घरात पहिल्यापासून गिऱ्हाइकाला हे दोन प्रश्न विचारतात आणि दिवसा जे पुढं जाईल ते रात्री मागं येईल असा मेळ त्या एका माणसापुरता बसवतात. हे घड्याळ उजव्या हाताचं होतं आणि रात्री कडेवर उभं राहणारं.

उजवा हात खरा. अप्पा डावखुरे, कात्री डाव्या हातात. पण रात्रीचं मला माहीत नव्हतं. आईला फोन लावला.

"तांब्याला टेकवून ठेवायचे," आई म्हणाली. "उशाच्या. मी पानी प्यायला उठले की पडायचं, अन् मला बोलायचे." मग पुन्हा, "लई बोलायचे."

रूथनं बारीक पेचकस उचलला. अर्ध्या तासात माझ्या हाताला लावून देते म्हणाली, "पण पप्पांनी लावलेलं मग जाईल. ते परत तसं बसवायला तो माणूसच समोर लागतो."

काका उठून आत निघाले. लेकीनं आपलं काम मोडताना बघायचं नसावं त्यांना. मी घड्याळाकडे बघितलं. आत अप्पांचा हात आणि अप्पांची रात्र, दोन्ही चालू होती.

"झाकण लावा, ताई," मी म्हणालो.

"मग एवढ्या लांब आलो कशाला?" सुमननं विचारलं, पण आवाज मऊ होता. काका दारातूनच परत फिरले. रूथनं साफसफाई केली, तेल दिलं, आणि काकांनी स्वतः घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर बांधलं. बक्कल लावायला थरथरत्या बोटांना वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

परतीच्या गाडीत मी उजव्या हातानं तिकीट काढताना घड्याळ दांडीवर आपटलं, दशमी खाताना पट्ट्याला चटणी लागली. सुमन म्हणाली, "आता जेवायला शिकवायचं का तुम्हाला?"

घरी पोचलो. मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकून आत गेली. अंथरूण टाकल्यावर पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली आणि माझ्या उशाशी ठेवला.

म्हणालो, "मला रात्री तहान लागत नाही गं."

"तुला कोन म्हनतंय," ती म्हणाली, आणि हात पुढं केला. मी घड्याळ काढून दिलं. तिनं ते तांब्याला टेकवून उभं केलं, घसरतंय का बघितलं, आणि तांब्या जरासा भिंतीकडे सरकवला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.