लाल ओळी नकोत

आमच्या कॉलेजच्या लॉबीत एक भला मोठा टीव्ही आहे. त्यावर बातम्या लागत नाहीत, क्रिकेट लागत नाही. त्यावर सर्व्हरचे लॉग वाहतात. असं कॉलेज साऱ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि नसलेलंच बरं.

सर्व्हर दिवसभर जे काही करतो ते एकेका ओळीत लिहून ठेवतो. कोण आत आलं, काय सुरू झालं, काय बिघडलं. त्या ओळी म्हणजे लॉग. कोणती ओळ ठेवायची, कुठे पाठवायची, जुनी कधी पुसायची, हे एका छोट्याशा फाइलीत नेमून दिलेलं असतं. ती फाइल सांभाळणं हे माझं काम. कंत्राटी आहे, पण माझं आहे. आमच्या प्राचार्यांच्या लेखी मात्र मी 'इंटरनेटवाली मॅडम', म्हणजे वायफाय गेलं की हाक मारायची बाई.

प्राचार्यांनी नागपूरच्या कुठल्याशा कंपनीत काचेच्या खोलीत असे वाहते पडदे पाहिले होते. परत आले ते डोक्यात टीव्ही घेऊनच. पालकांवर छाप पडते म्हणाले. मी लावून दिला. पालक त्याच्यासमोर स्टेशनवर गाडीची वेळ बघतात तसे माना वर करून उभे राहायचे, आणि काहीही न कळता समाधानानं प्रवेशाच्या खिडकीकडे जायचे. प्राचार्य केबिनच्या दारातून हे बघत आणि त्यांचा चेहरा फुलून येई. शिकवायला माणसं कमी होती, पण त्याचा काही टीव्ही लागत नाही.

मग लाल ओळी यायला लागल्या. साध्या ओळी हिरव्या आणि बिघाडाच्या लाल, अशी सोय मीच केली होती. ज्या सर्व्हरवर मुलांचे प्रॅक्टिकलचे मार्क ठेवलेले आहेत, त्याची डिस्क म्हातारी झाली होती आणि ती बिचारी रोज लिहून सांगत होती की मी आता जाते. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, ये लाल लाल क्या है? अगले हफ्ते इन्स्पेक्शन कमिटी आ रही है. सब हरा दिखना चाहिए."

मी म्हटलं, सर, डिस्क जाईल. तिच्यावर परीक्षा विभागातल्या काकूंनी भरलेले सगळे मार्क आहेत. नवी डिस्क घेऊ, आणि बॅकअपसाठी आणखी एक. ते म्हणाले, डिस्कचं बघू, आधी लाल काढा. तक्रारी दिसल्या की संस्थेचं नाव खराब होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नसावं. पीएच.डी.त ते येत नाही.

मी फाइल उघडली आणि टीव्हीकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाळणी बसवली. लाल ओळी तिथून गळून पडतील आणि निमूट दुसऱ्या एका फाइलीत जमा होतील, जी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. लॉबी हिरवीगार झाली, श्रावणातल्या धानासारखी. मग मी डिस्कची मागणी घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेले. प्राचार्य उठले, मला लॉबीत घेऊन आले आणि टीव्हीकडे बोट दाखवलं.

"कहाँ है एरर? दिखाइए."

मला वाटलं थट्टा करत आहेत. ते अगदी मनापासून विचारत होते. स्वतःच सांगून झाकलेली गोष्ट त्यांना आता खरोखर दिसत नव्हती, आणि जे दिसत नाही त्यासाठी संस्थेचा पैसा ते काऊन घालवतील? अशा माणसावर रागावून उपयोग नसतो. मी तरी रागावले.

काकू म्हणजे परीक्षा विभागातल्या आमच्या क्लार्क. अर्जुनीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पडद्याकडे जास्त पाहिलं की डोळ्यांतून पाणी येतं. दिवाळीपासूनचे सगळे मार्क त्यांनी एकटीनं एकेक आकडा बघून भरले होते. दिवाळीच्या आधीचा बॅकअप माझ्याकडे होता. नंतरचा त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, कारण दुसरी डिस्क नव्हती आणि पेनड्राइव्हवर न्यायचे नाहीत, मार्क गोपनीय आहेत, अशी प्राचार्यांची ताकीद होती. गोपनीयतेची एवढी काळजी फक्त पेनड्राइव्हच्या बाबतीत.

कमिटी आली त्याच सकाळी डिस्क गेली. काकूंचा प्रोग्रॅम उघडेना. मी सर्व्हरच्या खोलीत त्या डिस्कची टकटक ऐकत उभी होते आणि बाहेर लॉबीत बाकीच्या मशिनींच्या हिरव्या ओळी छान वाहत होत्या. कमिटीतले एक गृहस्थ टीव्हीसमोर थांबले आणि म्हणाले, इतकी निर्दोष यंत्रणा त्यांनी ग्रामीण भागात पाहिली नव्हती. प्राचार्यांनी मान लववली. नंतर पाहुण्यांना बोदलकसा तलावाचे मासे खायला घातले. नागऱ्याच्या देवळातही नेऊन आणलं. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, पण इथे तमाशा करणाऱ्यालाच कीर्तन खरं वाटत होतं.

संध्याकाळी काकूंना सांगण्यात आलं की मास्तरांच्या कागदांवरून मार्क पुन्हा भरा, टायपिंगच तर आहे. मी लॅबमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून सर्व्हरला लावली. काकू प्राचार्यांसमोर उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"सर, तो टीव्ही माया टेबलासमोर लावा. काई बिघडलं नाई, हे मले बी पाहू द्या."

एवढं टोचून बोललेलं भिंतीलाही कळलं असतं. प्राचार्यांना कौतुक वाटलं. स्टाफलाही आता टेक्नॉलॉजीची गोडी लागते आहे, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले आणि परीक्षा विभागात खरोखरच दुसरा टीव्ही बसवून दिला. नवी डिस्क मात्र मंजुरीतच अडकलेली होती.

तो टीव्ही जोडताना मी फाइल उघडली, त्याच्यासाठी नवी ओळ लिहिली, आणि गाळणी लावली नाही.

लॅबमधली डिस्कही काही तरुण नव्हती. काही दिवसांतच काकूंच्या टीव्हीवर पहिली लाल ओळ आली. काकूंनी चष्मा पुसला आणि मला हाक मारली.

"पोरी, हे लाल काय लिहून राहिलं?"

मी सांगितलं. ही डिस्कही जाणार, आणि भरलेले मार्कही तिच्याबरोबर जाणार. काकूंनी कीबोर्ड बाजूला सारला, केबिनमध्ये गेल्या आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, नवी डिस्क येईपर्यंत मी एक बी मार्क भरत नाई. विद्यापीठाकडे मार्क पाठवायची तारीख तोंडावर आली होती. त्यांच्याशिवाय तो प्रोग्रॅम कोणालाच चालवता येत नव्हता. माझ्या मागण्या ज्या केबिनमधून नुसत्या फिरून येत होत्या, तिथून त्या दुपारी फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी डिस्क आली. दोन आल्या.

आता प्राचार्य पाहुण्यांना लॉबीतल्या टीव्हीसमोर उभं करून सांगतात की या पडद्यामुळे आम्हाला बिघाड आधीच कळला. मी ऐकते आणि पुढे जाते. त्या टीव्हीची गाळणी मी अजून काढलेली नाही. तिथे लाल ओळ आली तरी ती वाचायला कोणी बसलेलं नसतं.