आत्यानं मोटार पाहिली

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, जुनी मोटार विकताना खोटं बोलणारी माणसं पायलीची पन्नास मिळतील. पण जुन्या मोटारीकडून खरं वदवून घेणारी व्यक्ती मी एकच पाहिली, आणि ती माझी सख्खी आत्या होती. हे मी छाती पुढे काढून सांगतो. आमच्या घरी जमीनजुमला होता, वडिलांना जानेफळात मान होता, मी स्वतः मेहकरच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहत असे. पण खामगावच्या बाजारात कुणी माझी ओळख करून दिली, तर ती ‘मोटारवाल्या बाईचा भाचा’ अशीच. वकिलाला पक्षकार शोधत फिरावं लागतं. आत्याकडे मात्र माणसं आपापल्या मोटारी घेऊन दारात येत, आणि लग्नाच्या मुलीच्या बापासारखी अंग चोरून ओट्यावर बसत.

ही विद्या तिला आली ती आतोबांमुळे. एस.टी. सुरू होण्याआधीच्या काळात आतोबांची एक पॅसेंजर मोटार मेहकर-खामगाव रस्त्यावर धावत असे. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले. आता ज्या ड्रायव्हरला ऐकू येत नाही, त्याला मोटारीचं दुखणंखुपणं कळावं कसं? तेव्हा आत्या नऊवारी लुगड्याचा पदर खोचून त्यांच्या मागच्या बाकावर बसू लागली. तिनं उजवा खांदा दाबला की आतोबा गिअर बदलत, डावा दाबला की गाडी कडेला घेऊन बोनेट उघडत. प्रवाशांना वाटे, काय हो हे नवरा-बायकोचं प्रेम, भर रस्त्यात खांदे दाबणं चाललंय! प्रेम होतंच, पण त्यात व्हॉल्व्हची खडखडही मिसळलेली होती. आतोबा गेले, मोटार गेली आणि आत्या माहेरी जानेफळला आली, ती हे कान घेऊन.

मोटार पाहण्याची तिची रीत ठरलेली होती. विकणाऱ्याकडे जायचं झालं, तर ती कधीही सांगून जायची नाही. सकाळी उन्हं अंगणात उतरायच्या आत त्याच्या दारात हजर. गेल्याबरोबर, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर पालथा हात ठेवायची. बोनेट कोमट लागलं की तिथूनच माघारी. “पाहुणे यायच्या आधीच जिले उठवून बसवलं, तिले थंडीत उठवत नाई, समजून जाय,” हा तिचा निवाडा. बोनेट गार असलं तर मग पत्रा. बाजारात मडकं वाजवून घेतात तसा ती बोटांच्या पेरांनी दारं, मडगार्ड वाजवत फिरे. जिथं आवाज बोदा येई तिथं रंगाखाली पोचा बुजवायला लांबी भरलेली असायचीच. टायर एकाच अंगानं झिजला असेल, तर गाडी कुठंतरी आदळून वाकडी झालेली. आकडे दाखवणाऱ्या मीटरकडे ती ढुंकून बघत नसे. पायाखालच्या पेडलचं रबर बघायची. “मीटर फिरवता येते, रबर काय फिरवतं?” तेलाची सळई बाहेर काढून तेल चिमटीत चोळायची, हुंगायची, तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं की इंजिनात पाणी शिरलं म्हणायची. निळा धूर म्हणजे गाडी तेल पिते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त ढोसते, आणि पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर मालकाला नमस्कार करून निघायचं. सगळ्यात शेवटी पिशवीतून निघायची चुलीची फुंकणी. तिचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. शहरातल्या मेकॅनिकांनी त्या फुंकणीला हसून घेतलेलं मी पाहिलं आहे, आणि थोड्या वेळानं त्यातल्याच एकानं ‘बाई, जरा मला द्या’ म्हणून ती मागून घेतलेलीही पाहिली आहे.

तिचे नेमही जगावेगळे. निवाडा दिल्याशिवाय ती विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नसे. “आधी चहा पेला की जीभ मिंधी होते.” आणि ही तपासणी मोटारीपुरती राहती तर ठीक, तिनं ती सगळ्या सृष्टीला लागू केली होती. माझ्या बहिणीला पाहायला चिखलीकडचं एक स्थळ आलं. मुलगा देखणा, बोलण्यात तरबेज. सगळे बैठकीत बसलेले असताना आत्या बाहेर ओसरीवर त्याचे बूट उलटे करून बघत होती. आत येऊन तिनं भर बैठकीत सांगितलं, “पोरगा डाव्या अंगाले वढते.” वडिलांनी कपाळाला हात लावला. मुलगा गोरामोरा झाला आणि म्हणाला, “हो आत्याबाई, लहानपणी झाडावरून पडलो होतो, पाय जरा आखूड आहे.” कुणी ते सांगितलं नव्हतं. पण तो लपवालपवी न करता पटकन खरं बोलला, एवढ्यावर आत्यानं ते स्थळ पसंत केलं. तेच माझे मेहुणे. अजूनही कुठं बूट काढायचे म्हटलं की ते आधी आजूबाजूला बघतात.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली असतील, तेव्हा मला मोटारीचं वेड लागलं. वेड म्हणजे साधं नव्हे. शेगावच्या स्टेशनाजवळ एका घराच्या पडवीत मी ती पाहिली होती: लाल रंगाची, दोन दारांची, बुटकी विलायती मोटार, मागचं झाकण पेटीसारखं वर उघडणारं. अंगानं लहान, पण इंजिन तिच्या अंगाला न शोभेल इतकं दांडगं. ती एका डॉक्टरांची. डॉक्टर वारले होते आणि त्यांच्या पत्नीला गाडी काढून टाकायची होती. मी रात्रंदिवस ती मोटार घाट चढताना बघत होतो, अर्थात मनात. वडील म्हणाले, “आत्यानं पाह्यली तर घे. नाही तर नाव काढू नको.” कपाशी चांगली झाली होती, म्हणून तेवढं तरी म्हणाले.

आम्ही एस.टी.नं घाट उतरून शेगाव गाठलं, धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळीच त्या दारात उभे राहिलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या आतल्या, शांत. नर्सिंग शिकलेल्या, खेडोपाडी डॉक्टरांबरोबर बॅग घेऊन जाणाऱ्या. पडवीत आमच्या आधीच एक मिस्त्री येऊन उभा होता. गावात त्याचं छोटंसं गॅरेज होतं. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “वकीलसाहेब, नादी लागू नका. इंजिनाचं बेअरिंग गेलं. ठोका ऐका. भंगाराच्या भावानं मी नेतो म्हटलं बाईले, बिचारीचा तरास वाचते.” त्यानं गाडी चालू केली. खरोखरच आतून ठक्-ठक्-ठक् असा आवाज येत होता. डॉक्टरीणबाईंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांना तो आवाज ऐकवत नसावा.

आत्यानं बोनेटवर हात ठेवला होताच, पत्रा वाजवला होता, टायर पाहिले होते. आता तिनं फुंकणी काढली. इंजिनाच्या पोटाला लावली, वर लावली, पुढं लावली. डोळे मिटले. मग ती मला म्हणाली, “पट्टा काढ.”

“कोणता?”

“पंख्याचा पट्टा. काढ न बे.”

मी नवी पँट सांभाळत वाकलो आणि पान्यानं झटापट करून तो रबरी पट्टा काढला. “कर चालू. जास्त नको, तापन.” मिस्त्रीनं अनिच्छेनं गाडी चालू केली.

ठोका नव्हता. पडवीभर नुसती एकसारखी गुरगुर, पोटभर दूध प्यालेल्या मांजरीसारखी.

“इंजिन नाई ठोकत,” आत्या म्हणाली. “वीज बनवते न ते डबडं, डायनामो, ते ढिलं झालं. पट्टा काढला, डायनामो थांबला, ठोका थांबला. इंजिन त असं हाय का माह्या जलमात असं ऐकलं नाई.”

मिस्त्री म्हणाला, “असू शकते, बाई. मी काई खोलून नव्हतं पाह्यलं.”

“खोलून नोतं पाह्यलं त भंगाराचा भाव काऊन सांगतला?”

त्यावर त्याला एकाएकी गॅरेजमधलं काम आठवलं आणि तो निघून गेला.

इकडे आत्याच्या एकेका वाक्यासरशी ती लाल मोटार माझ्या आवाक्याबाहेर चालली होती. मी तिच्या कानाशी लागलो, “आत्या, आपण घ्याले आलो हाओ.”

“पाहाले आलो,” ती मोठ्यानं म्हणाली. “घेणं मंग.” आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली. “काऊन इकून राह्यल्या, बाई?”

हा प्रश्न ती प्रत्येक विकणाऱ्याला विचारत असे आणि मग गप्प राहून त्याच्या तोंडाकडे बघत असे. डॉक्टरीणबाईंनी आधी मोटारीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ते गेले तेव्हापासून कुणी चालवत नाही. सगळे म्हणाले, आता तिच्यात काही राहिलं नाही. मीही तसंच धरून चालले.” आणि त्यांनी विचारलं, “म्हणजे ती चालेल?”

“चालन न काऊन नाई? चालवणारं पायजे.”

“डॉक्टर म्हणायचे, तुला शिकवतो. खेड्यात बाळंतपणाला तूच जात जा, मी दवाखाना बघतो. राहून गेलं ते.”

“हात हायेत न? पाय हायेत? मंग राहून काय गेलं?”

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मोटारीला हात लावला. लाल टपावरून तो हात हळूहळू फिरत असताना मला कळून चुकलं, की आपली मोटार गेली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वकीलसाहेब, राग मानू नका. मला विकायची नाही.”

मी काही म्हणायच्या आत आत्या ऐटीत जोत्यावर बसली. “आता आणा चहा,” ती म्हणाली. “साखर जरा जास्त टाका.”

परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो. आत्या फुटाणे खात होती. खामगाव मागं पडलं, घाटाची चढण लागली, तेव्हा ती आपणहून बोलली. “तुह्या आतोबाची मोटार अशीच गेली. ते गेल्यावर मानसं आले, म्हणे इंजिन बसलं, ठेवून काय करता. बसलं नोतं. मले ऐकू येत होतं. पण मले कोणी पुसलंच नाई.” तिनं मुठीतले फुटाणे माझ्या हातावर ठेवले. “आज पुसलं.”

मी आयुष्यात पुष्कळ दावे जिंकले. पण त्या दिवशी रिकाम्या हातांनी घाट चढताना मला जो अभिमान वाटला, तसा कुठल्याही निकालानंतर वाटला नाही. जानेफळला पोचल्यावर वडिलांनी विचारलं, “मोटार कुठं?” मी झालेलं सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग डोळे पुसत म्हणाले, “आमची ताई बाजारात गेली त बाजारच सुधरवून येते.” पुढच्या आठवड्यात ही हकीकत मी बाररूममध्ये इतक्या वेळा सांगितली की एका ज्येष्ठ वकिलांनी मला ‘साक्ष पुरे’ म्हणून हात जोडले. मला नंतर आत्यानंच एक काळी, भारदस्त, अजिबात न धावणारी गाडी निवडून दिली. “तुह्या सोभावाले हेच बरी,” असं सर्टिफिकेटही दिलं. त्या गाडीनं मला एकदाही दगा दिला नाही आणि एकदाही कुठं वेळेवर पोचवलं नाही.

डॉक्टरीणबाई अकोल्याच्या भावाकडून मोटार शिकल्या. घाटाखालच्या गावांमधून लाल मोटार फिरू लागली आणि बायका तिला ‘बाळंतपणाची गाडी’ म्हणू लागल्या. आत्या दर्शनाला शेगावी गेली की त्यांच्याकडे उतरे, गाडीत बसून एक चक्कर मारी, आणि कुठं काय सैल झालंय ते सांगून येई.

पुढं आत्याचं वय झालं. गुडघे धरले, शेगावची वारी सुटली. लोक मोटारी घेऊन येत, पण ती आता ओट्यावरूनच बोलत असे. अशाच एका थंडीत, दुपारच्या वेळी, डॉक्टरीणबाई स्वतः घाट चढून आमच्या दारात आल्या. गाडीतून एकट्या बाई उतरलेल्या पाहून अर्धं जानेफळ गोळा झालं. “चला ताई, हिवरा आश्रमापर्यंत जाऊन येऊ,” त्या म्हणाल्या. आम्ही आत्याला धरून गाडीत बसवलं. दोघी निघून गेल्या. मी वेशीपर्यंत गेलो आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो. माझी मोटार म्हणून स्वप्नात पाहिलेली ती, इतक्या वर्षांनीही झोकात वळण घेत गेली.

दिवेलागणीच्या आधी त्या परत आल्या. आत्याला उतरवून घेताना मी सवयीनं विचारलं, “कसं वाजते इंजिन?”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी कोणी अनोळखी माणूस.

“ऐकलंच नाई बे,” ती म्हणाली. “दोन्ही अंगानं हरभरा असा फुलला होता, तोच पाहात बसली.”