सुटकेची बातमी

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. ना खून, ना दरोडा. चोरी होती ती जुन्या वर्तमानपत्रांची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकला फौजदार होतो. एका वाचनालयाची तक्रार आली की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतले पेपरांचे गठ्ठे कपाटातून नाहीसे होतात. नवं सरकार आलं तेव्हाचे अंक, हौशी लोक चांगली किंमत देतात, असं ग्रंथपाल म्हणाले. पंचनाम्यात रिकाम्या फळीवर झेंडूच्या सुक्या पाकळ्या सापडल्या. तिथल्या तसबिरीला रोज हार घालायला एक फुलवाला येत असे. त्यातच खबऱ्याने सांगितलं, हाच गडी रद्दीवाल्याकडे साल विचारून पेपर घेतो.

त्याच्या घराची झडती घेतली. खाटेवर म्हातारे वडील आणि खाटेखाली सगळे गठ्ठे, एकही पान न फाटलेलं. वडिलांदेखत मी त्याला अटक करून ठाण्यात आणलं. माल कुणाला विकतोस, म्हणून खूप दरडावलं. शेवटी तो बोलला.

"इकायला नाय, साहेब. इंचूरला आमचं रेशनचं दुकान होतं. नवं सरकार आलं तवा काळाबाजार केला म्हणून बापाला धरलं, पेपरात नाव आलं. पुढं कोर्टानं सोडलं. ते कुठं छापलंय का, तेच हुडकतोय. बाप जायच्या आत त्याला वाचून दाखवायचंय."

ग्रंथपालांनी हे ऐकून तक्रार मागे घेतली, कोर्टाने त्याला सोडलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रोज संध्याकाळी वार्ताहर ठाण्यात येत आणि आम्ही दिवसभरात कुणाला अटक झाली ते सांगत असू. त्याचंही नाव अटकेच्या दुसऱ्याच सकाळी छापून आलं होतं.

मी त्या वार्ताहराला सुटकेची बातमी देण्याची गळ घातली. तो हसला; म्हणाला, सुटलेल्याचं कोण वाचतं? काही दिवसांनी बाजारात फुलवाला भेटला. मी वडिलांची चौकशी केली.

"रोज सकाळी इचारतो, सुटल्याचं आलं का म्हणून," तो म्हणाला. "आता कुणाचं, ते मी इचारत नाय."

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे अटकेइतकीच सुटकेची बातमीही वार्ताहरांना द्यायला लावली. छापून फारच थोड्या आल्या. माणूस सोडणं कोर्टाच्या हातात असतं, एकदा गेलेलं नाव परत आणणं नसतं, एवढं मला तेव्हा कळलं. त्याच्या बापाला धरणारा फौजदार कोण होता, मला ठाऊक नाही. त्याला धरणारा मी होतो.