फियाटच्या पोटातली चिंधी

"पुन्हा इंजिन खोलायचं न्हाई, आबा. आत्ताच सांगून ठेवतो."

"एक चिंधी कमी हाय, सचिन."

"कशावरनं?"

"कशावरनं काय? खाली बघ. साडीला भोक दिसतंय का न्हाई?"

सचिनने खाली पाहिलं नाही. भागिरथीबाईंनी पाहिलं, कारण साडी त्यांची होती. देवळाली प्रवरातल्या त्यांच्या अंगणात त्यांची जुनी जांभळी सुती साडी तुकडे जुळवून पसरली होती. ऑइलने काळी झालेली, काठाला काठ, चौकटीला चौकट, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर एकेक खडा. मधोमध तळहाताएवढी सारवलेली जमीन दिसत होती. शेजारच्या छबूबाईंनी कुंपणावरून विचारूनही घेतलं होतं, की वहिनी, पुन्हा नेसायची हाय का? कुणी हसलं नव्हतं.

सचिनचे आबा, रंभाजी, साखर कारखान्यात फिटर होते, आणि उभ्या कारखान्यात त्यांच्याइतका भित्रा फिटर कुणी पाहिला नव्हता. नट आवळून झाला की दोन पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा पान्हा लावून बघायचे. हाताखालची पोरं म्हणायची, रंभाजीमामा घरी बायकोचीसुद्धा नाडी बघत असतील, चालू हाय का बंद. हे भागिरथीबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नाकापाशी नवऱ्याचा हात पाहून त्या किंचाळून उठल्या होत्या. "श्वास बघत हुतो," म्हणून ते बिचारे कूस बदलून झोपले.

पुढे त्यांनी त्या भीतीशी जमवून घेतलं. गॅस बंद केला का, कडी लावली का, सचिन गेला त्या एसटीची चाकं बरी होती का. भागिरथीबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, केला, लावली, हुती. पुष्कळदा न बघताच म्हणायच्या. त्यांनी म्हटलं की रंभाजी निवायचे, आणि घरात कधी काही वाईट घडलं नाही.

निवृत्तीनंतर रंभाजींनी सोनईच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यामागून ही फियाट आणली. पत्रा सडलेला, इंजिन गंजून जाम, मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. शेडच्या आढ्याला चेनपुली टांगून त्यांनी इंजिन वर उचललं, सुटं केलं, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, नगरहून बोअरिंग करून आणला, बाकी सगळं घरीच. तेवढ्यात गळीत हंगाम सुरू झाला आणि कारखान्याच्या चिमणीची काळी राख रोज अंगणात उतरायला लागली. जिथं धुणं वाळत घालता येत नव्हतं तिथं उघडं इंजिन ठेवायचं कसं? मग ब्लॉकचं एकेक भोक चिंधीनं बुजवायचं. रंभाजी शेडमधून हाक मारायचे आणि भागिरथीबाई साडीचा तुकडा टर्रकन फाडून द्यायच्या. कारखान्यात रंभाजी चिंध्या मोजून घेत आणि मोजून परत करत. घरात मोजल्या कुणी? मागितली की मिळत होती. किती फाडल्या, हे आता फक्त साडीच सांगू शकत होती.

"परवा चाललं ना इंजिन?" सचिन म्हणाला. "सगळी आळी बघायला आल्ती. आत चिंधी असती तर चाललं असतं का?"

"चालणारच." रंभाजी म्हणाले. "इंजिनाच्या तळाला चेंबर असतं, त्यातल्या तेलात ती पडून ऱ्हाती. अंगणात काय बी कळत न्हाई. गाडी तापली, घाट चढाया लागली, की तेल वर वढायच्या जाळीवर जाऊन बसती. तेल बंद. मंग इंजिन जागच्या जागी धरतं. चाकं धरत्यात, बाबा. आन मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. तो थांबतोय व्हय?"

बोलताना ते दोन्ही हातांनी चाकं धरल्यासारखं करत होते.

घाट वांबोरीचा होता. राहुरीचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला घाटावर डोंगरगणला निघालं होतं आणि त्यांना जुनी गाडी हवी होती. सुप्याच्या कंपनीतलं काम सुटल्यापासून सचिन घरी होता, आणि हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. चेंबर खोलायचं तर इंजिन परत पुलीला टांगावं लागणार, म्हणजे आजचं जाणं बुडालं.

"मागं वायसर कमी हाय म्हणून सगळं खोललं," सचिन म्हणाला. "घावलं कुठं? तुमच्याच खिशात. तुमचं हे कधी संपायचं न्हाई, आबा. आज गाडी निघाली न्हाई तर मी निघतो. पुन्यात कायतरी बघीन. मंग मला बोलवू नका."

तो चिडून बोलला असता तर भागिरथीबाईंनी मनावर घेतलं नसतं. तो अगदी शांतपणे बोलला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, तर रंभाजी खिसे चाचपत होते.

घरात बघते, असं म्हणून त्या आत गेल्या. आधी त्यांनी खरंच शोधलं. मोरीत, चुलीमागं, कॉटखाली, केराच्या डब्यात. चिंधी नव्हती. मग त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर बापलेकाचं बोलणं थांबलं होतं, आणि त्या दोघांचं न बोलणं त्यांना जास्त घाबरवत होतं. वायसर खिशातच होतं ना, त्यांनी स्वतःला विचारलं. दर वेळी असंच असतं ना.

त्याच साडीचा उरलेला अर्धा भाग मागेच गोधडीत गेला होता. भागिरथीबाईंनी घडवंचीवरची गोधडी ओढली, एका कोपऱ्याचे टाके उसवले, हव्या त्या मापाचा तुकडा फाडला, मागच्या दारी जाऊन जळक्या तेलाच्या डब्यात बुडवला आणि पिळला. हे सगळं करायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नाही.

"मोरीत पडली हुती," अंगणात येऊन त्या म्हणाल्या. "हात पुसून टाकली आसंल तुमीच."

रंभाजी गुडघ्यांवर बसले. तुकडा जागेवर ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. "बसला," ते म्हणाले. त्यांनी त्यावर एक खडा ठेवला. उठले तेव्हा तोंड वेगळंच दिसत होतं. धुतल्यासारखं. सचिनच्या हातात चावी देताना एरवी त्यांनी दहा गोष्टी बजावल्या असत्या. आज नुसतं म्हणाले, "दमानं जा."

टॉवेल खांद्यावर टाकून ते आंघोळीला गेले. थोड्या वेळाने मोरीतून गुणगुणणं ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात रंभाजी कधी आंघोळीत गुणगुणले नव्हते. ते ऐकलं आणि भागिरथीबाईंच्या लक्षात आलं, आता सचिनसाठी घाबरणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

तरी त्यांनी हळदीकुंकवाचं ताट केलं, त्यात नारळ ठेवला. गाडी पहिल्यांदा रस्त्याला लागणार होती. शेडमध्ये जाऊन बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं, ते वाकडं उठलं. पुसून पुन्हा टेकवलं. पदराच्या टोकाला ऑइल लागलं होतं, ते त्यांना तेव्हा दिसलं.

अंगणात सचिन शीळ घालत चिंध्या गोणीत भरत होता. शीळ मध्येच थांबली.

तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. एका हातात चावी, एका हातात तो तुकडा.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. "हा मोरीत घावला?"

भागिरथीबाईंनी ताटातला नारळ सरळ केला.

"ह्याला टाक्यांची भोकं हायेत. एका रांगेत." त्याने तुकडा उजेडाकडे धरला. एका भोकात पांढरा दोरा अडकून राहिला होता. "हे गोधडीतलं हाय."

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून पाहिला. राहुरीचेच होते. उचलला नाही, तसाच वाजू दिला. पाठीमागे उभी असलेली गाडी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहिली.

"आई, मंग आबांची चिंधी कुठं हाय?"

मोरीतलं गुणगुणणं चालूच होतं. भागिरथीबाईंनी ताट मडगार्डवर ठेवलं, पदराचं काळं टोक मुठीत धरलं आणि त्याच्या अंगावरून शेडबाहेर, मोरीच्या दाराकडे निघाल्या.