मोकळ्या प्लॉटवरचं बाळंतपण

"सर, याला प्रेसिपिटेट लेबर म्हणतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. वर्गात मुलांनी असं केलं की मी चिडतो. मॅडम चिडल्या नाहीत. कळा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत बाळ बाहेर आलं तर त्याला प्रेसिपिटेट लेबर म्हणायचं, म्हणजे घाईचं बाळंतपण. पहिलटकरणीला असं क्वचित होतं, पण होतं.

हे ऐकताना मी लातूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात अनवाणी, नुसत्या बनियनवर उभा होतो. शर्ट बाळाभोवती गुंडाळून दिला होता. बाळ काचेपलीकडे होतं आणि ते वाचेल की नाही हे मॅडमनी अजून सांगितलं नव्हतं. मीही ते विचारलं नाही. मी विचारलं, "पण मॅडम, आपली तारीख तर पुढच्या महिन्यातली होती ना?" धक्का बसलेला माणूस काय बोलेल याचा नेम नाही.

ज्यांच्या घरी पहिलं बाळंतपण व्हायचंय अशा बापांसाठी मी हे लिहितोय. आयांना सांगणारी माणसं पुष्कळ असतात. आपल्याला फक्त "तुम्ही बाहेर थांबा" एवढंच सांगतात.

मी गणित शिकवतो. भूकंपाला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या माडीवर बाहेरगावची पोरं भाड्यानं राहायची. मी पहाटेपासून बॅचमागून बॅच घ्यायचो आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाबाहेर काही घडलं की माझं डोकं फिरायचं.

बायको संगीता उमरीची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सातव्या महिन्यात तिला न्यायला सासरे आले, तेव्हा माझी आई आजारी होती म्हणून जाणं राहिलं. आठव्यात पाठवायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. मग नववा लागला. तेव्हा अमावास्या आडवी आली. शेवटी येत्या रविवारी नांदेडची गाडी धरायची ठरलं. तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. झबली, टोपरी, दुपटी सगळं त्यात होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं. ती लातूरजवळच्या मुरूडहून आमच्याकडे राहायला आली होती. तिची सख्खी बहीण किल्लारीकडच्या एका खेड्यात दिलेली होती. भूकंपाच्या रात्री मावशी झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून आई दाराला आतून कडी लावू देत नसे. आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर तिनं भांड्यांची उतरंड रचली होती. खाली पालथा तांब्या, त्यावर ताटली, त्यावर एकावर एक पालथे स्टीलचे पेले. जमीन जरा हलली की पेले खाली पडणार आणि आवाज झाला की जसं असाल तसं बाहेर पळायचं. गल्लीत बहुतेक घरांत अशी उतरंड होती. एका घरातली पडली की सगळी गल्ली समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. आंघोळीतली माणसं साबणासकट येत. हसू नका. आमच्याकडे तेव्हा यात कुणालाच काही गमतीचं वाटत नव्हतं.

त्या दिवशी मी सकाळच्या बॅचेस संपवून जेवायला घरी आलो. संगीता म्हणाली, "दोन घंट्यापसनं कंबर लई भरून यायली." आईनं ओवा दिला, कंबरेला तेल चोळलं. "पहिलटकरणीला दोन-दोन दिवस लागत्यात," आई म्हणाली. "ह्याच्या वक्ताला मी दोन दिवस तळमळलेली हाय. हे गॅसचं असंल." माझ्या जन्माची ती तळमळ घरात पुराव्यासारखी वापरली जायची, त्यामुळे कुणीच उलट बोललं नाही.

कंबर भरून येत होती आणि मधेच साफ थांबत होती. ती ठरावीक वेळानं येत-जात होती, हे मला, गणिताच्या मास्तराला, दिसायला हवं होतं. मी ताक पीत होतो.

संगीता पाणी घ्यायला उठली. मांडणीपाशी पोचली आणि तिथेच वाकली. तोल सावरायला तिनं मांडणीची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली ओढली.

पेले पडले, ताटली फरशीवर गरगरत राहिली, तांब्या चुलीपर्यंत घरंगळत गेला. आई ओरडली, "आरं भूकंप! भाईर पळा, भाईर!"

मला आत्ताही विचाराल तर त्या क्षणी जमीन हलली होती असंच पाय सांगतील. मी संगीताला उचललं आणि पळालो. बॅग दाराशी तशीच राहिली, चपलाही राहिल्या. आमचा आवाज ऐकून शेजारची पळाली, त्यांचं बघून पलीकडची. माडीवरची पोरं वह्या-पुस्तकांसकट धडाधडा उतरली. बघता बघता सगळी गल्ली प्लॉटवर उभी. सगळ्यांची नजर आपापल्या घराच्या भिंतींवर. दुसरा धक्का येतो का, याची वाट बघत होते.

मी संगीताला खाली बसवलं. तिनं माझा दंड पकडला. तिची नखं रुतली.

"अवो," ती म्हणाली, "जमीन न्हाई हालायली. लेकरू यायलंय."

मी म्हणालो, "रविवारी जायचंय ना उमरीला." खरंच असं म्हणालो मी.

आईनं लुगडं बाजूला करून बघितलं आणि बायकांना हाक मारली. मग बायका धावल्या. कुणी पदर धरले, कुणी वाळत घातलेल्या चादरी ओढून आणल्या आणि आमच्याभोवती आडोसा केला. बाहेर पुरुषमंडळी पाठ करून उभी राहिली. मला कुणीतरी "सर, तुम्ही तिकडं व्हा" म्हणालं, पण संगीता दंड सोडेना. म्हणून मी आत राहिलो आणि जे सहसा बापाला दिसत नाही ते सगळं बघितलं. दोनदा ती ओरडली आणि पोर आईच्या ओंजळीत आलं. ओंजळीत म्हणतोय, पण पोर तिथून निसटायला लागलं तसा मीच खालून शर्टाचा घोळ धरला.

मुलगी होती. निळसर, लिबलिबीत, आणि गप्प.

मी आयुष्यात एवढी शांतता ऐकलेली नाही. आई तिची पाठ चोळत होती. "रड की गं माय. रड. एकदा रड," एवढंच परत परत म्हणत होती. संगीता विचारत होती, "का रडंना? ओ, का रडंना?" मला एवढंच वाटत होतं की ही माझ्या डोळ्यांदेखत आली आणि माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. अर्धाच. पण आला.

कुणीतरी नाळ कापायला ब्लेड आणायला धावलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "न्हाई, हात लावू नका. हाय तसंच दवाखान्यात न्या." मी शर्ट काढून दिला, त्यात पोरीला गुंडाळून, नाळेसकट, संगीताच्या छातीवर ठेवलं. गल्लीतल्या रिक्षावाल्या खाजाभाईंनी रिक्षा थेट प्लॉटवर आणली. "सर, मजबूत पकडके बैठो. मैं खड्डे बचाके लेतूं," ते म्हणाले. लातूरच्या रस्त्यांवर तेव्हा खड्डे वाचवणं म्हणजे काय, ते राहू द्या. वाटेत पोरगी पुन्हा गप्प झाली. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. ते दवाखान्यापर्यंत काढलं नाही.

मॅडमनी आधी नाळेला चिमटे लावून ती कापली. "घरी कापली नाहीत, ओढलीही नाहीत, हे फार चांगलं केलंत," म्हणाल्या. संगीताला टाके पडले. इतक्या घाईत अंगाला सैलावायला वेळ मिळत नाही, म्हणून फाटतं. बाळाला हायपोथर्मिया झाला होता, म्हणजे अंगातली ऊब उतरली होती. शिवाय ट्रान्झिएंट टॅकिप्निया, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी पुरतं न निघाल्यामुळे लागणारी धाप. हळूहळू होणाऱ्या बाळंतपणात त्यातलं बरंच पाणी निघून जातं, हिला तेवढा वेळच मिळाला नाही. तिला वॉर्मरमध्ये, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या पाळण्यात, ठेवलं आणि डोक्याभोवती ऑक्सिजनची पारदर्शक पेटी लावली.

नर्सनं विचारलं, "बाळाच्या गालाला हे पांढरं काय लागलंय? जन्मताना अंगावर असतो तो चिकट थर नाही हा." मी बघितलं. शर्टावरचा खडू होता.

पहिल्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अजून काही सांगत नाही." मी काचेला नाक लावून तिच्या बरगड्या बघायचो. त्या आत ओढल्या जायच्या आणि माझ्याही जायच्या. उमरीहून सासू-सासरे आले. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझ्या दारात व्हायचं होतं ओ लेकरू. बाज विणून ठिवली मी." मग काचेतून नातीकडं बघत राहिल्या.

गल्लीत मात्र वेगळाच वाद चालला होता. समोरचे निवृत्त गुरुजी ठामपणे सांगत होते की धक्का बसला होता, त्यांच्या खुर्चीनं तो खाल्ला होता. पेले संगीताच्या हातानं पडले, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी पेटी काढली. पोरीनं अंग ताणून, तोंड लाल करून असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या पाळण्यातलंही पोर रडायला लागलं. मॅडम माझ्याकडं वळल्या. "सर, आता काळजी नाही," म्हणाल्या. मी तिथल्या बाकड्यावर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. माझे विद्यार्थी आले होते, त्यांच्याही समोर.

बापांनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. कंबर दुखते, थांबते, पुन्हा दुखते असं चाललं की ओवा देऊन बसू नका, घड्याळ बघा आणि निघा. आणि पहिलटकरणीला वेळ लागतोच, असं घरात कितीही जुन्या माणसानं सांगितलं तरी गाडीची सोय आधी करून ठेवा. वेळ न लागलेली पहिलटकरीण मी बघितली आहे.

त्या गल्लीचे, त्या चादरींचे, खाजाभाईंचे आणि मॅडमचे उपकार मी फेडू शकणार नाही. तसा प्रयत्नही करत नाही.

घरी आलो तेव्हा पेले अजून फरशीवरच पडलेले होते. आईनं ते गोळा केले, घासले आणि सरळ मांडणीत आडवे लावून टाकले. मी म्हणालो, "आई, उतरंड?"

"आता कशाला? ही हाय की," ती म्हणाली.

पोरगी महिनाभर रात्रंदिवस रडली. माडीवरच्या पोरांचा अभ्यास बुडाला, संगीताचे डोळे आत गेले. ती रडली की आई नाही तर संगीता उचलायला धावायची. मी आडवा यायचो. "थांबा," म्हणायचो, "अजून थोडं रडू द्या."