आबांच्या गोळ्या आणि नवं औषध

दौंडच्या मॅडम नसत्या तर आबांच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू झाल्या असत्या, सांगता येत नाही. मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. वडगाव रासाईत मी ज्या घरी आबांना सांभाळते, तिथल्या वहिनींची ही थोरली बहीण.

माझं गाव हिंगोलीकडं. सातवीत शाळा सुटली, कामामागं फिरत इकडं आले. आबांना अल्झायमर आहे. सकाळी मला सूनबाई म्हणतात, दुपारी विचारतात, "तू कुणाची गं?" मी म्हणते, तुमच्याच घरची. मग "बरं" म्हणून गप्प बसतात.

दादा, म्हणजे आबांचा मुलगा, शेवंतीची शेती करतात. त्यांनी मोबाईलवर बघितलं की धडधाकट मायटोकॉन्ड्रिया मेंदूच्या पेशींत सोडले की गेलेली आठवण परत येते. शेवंतीवर नवं औषध मारायचं तर दादा जुनी फवारणी आधी थांबवतात, मध्ये थोडे दिवस जाऊ देतात. आबांचंही त्यांनी तसंच केलं. "नवं लागू पडायचं तर अंगातलं जुनं उतरलं पायजे," म्हणाले आणि गोळ्यांचा डबा कपाटावर टाकला.

"डॉक्टरांना विचारलं का, दादा?"

"तुमी सातवी, मी बारावी. आता कुणी कुणाला शिकवायचं?" ते हसले. मीही हसले. हे घर सुटलं तर जायचं कुठं, ही धास्ती मला पुढं बोलू देत नव्हती.

आबा बिघडत चालले. घास तोंडात धरून बसायचे, गिळा म्हणून सांगावं लागायचं. अंगणातून घरात यायची वाट सापडेना. नवं औषध कुठं मिळतं ते विचारायला दादा, वहिनी, आबा आणि मी दौंडला मॅडमकडं गेलो.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तशा मॅडम मागं आल्या. "आबा इतके कसे खालावले?" मी गोळ्यांचं सांगितलं आणि म्हणाले, "मी सांगितलं असं म्हणू नका, मॅडम."

जेवणं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आबांची गोळी कुठंय? वेळ झाली की."

"बंद केल्यात मीच," दादा म्हणाले. "नव्या औषदासाठी."

मॅडमनी आवाज चढवला नाही. "विजेचा डीपी जळला की वस्तीवरच्या मोटरी बंद पडतात ना? तसे पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, ते म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. ते थकले की पेशीही थकते. म्हणून चांगले कण तिथं पोचवता येतात का, हे शास्त्रज्ञ बघतायत. उंदरांवर, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर. माणसासाठी औषध म्हणून अजून कुठंही मिळत नाही."

"म्हंजी आमच्या नव्या डीपीवानीच की. अर्ज करायचा आन् वाट बघायची."

"अजून अर्जसुद्धा निघाला नाही, दाजी. कुणी देतो म्हणाला तरी जाऊ नका. आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, मनानं सुरूही करायच्या नाहीत."

दादांनी डॉक्टरांचा नंबर काढून मोबाईल मॅडमपुढं धरला. मग म्हणाले, "लावा डॉक्टरला फोन."

मॅडमनी तिथूनच लावला. गोळी कमी ताकदीची करून सुरू करा, मग वाढवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणी कुणाला सांगितलं, हा विषय त्या घरात कधीच निघाला नाही.

आता आबा घास गिळतात. मला ओळखत नाहीत, आणि ते गोळीनं होणारही नाही, हे मॅडमनी मला वेगळं बसवून सांगितलं. ते कण माणसापर्यंत पोचतील का, पोचले तर कधी, त्यांनाही ठाऊक नाही.

मॅडम एकट्या राहतात. म्हातारपणी त्यांना कुणी जवळ लागलं, तर मी असेन तिथून दौंडला येईन आणि त्यांच्यापाशी राहीन. हे मी त्यांना अजून बोलले नाही. पण येईन.